‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच लिहिलेल्या पत्रांचं काय करायचं?

ती पत्रं लॅमिनेशनला द्यायचा विचार असेल तर थांबा. दुकानात देऊन झाली असतील तर आत्ता फोन करा आणि परत मागवा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्या नाशिकरोडला राहतात. निफाड तालुक्यातलं सासरचं जुनं घर पाडताना माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली, तीत ३४ पत्रं. यजमानांच्या आजोबांचे धाकटे भाऊ एकोणिसाव्या वर्षी मराठा पलटणीत भरती झाले आणि बेळगावला शिकायला होते. तिथून त्यांनी घरी पाठवलेली ही पत्रं, साधारण १९४३-४४ सालची. बहुतेक पोस्टकार्डं. काही शाईनं, काही जांभळट पेन्सिलीनं. पाच-सहा मोडीत, बाकी बाळबोध, म्हणजे देवनागरीत. दोन कार्डं एकमेकांना चिकटलेली. घरात सांगतात की ‘ते पलटणीतून पळाले, परत आलेच नाहीत’. ताईंनी चार फोटो पाठवले आणि विचारलं: जपायची कशी, वाचायची कशी, ते पुढे कुठे गेले हे कळेल का? आणि शेवटी जरा हिरमुसून, ‘सगळीकडे “इकडील सर्व क्षेम” याच्यापलीकडे काही नाही. मग एवढा खटाटोप करावा का?’

मी नाशकात सत्तावीस वर्षं जुने कागद दुरुस्त करतो. सुरुवात बाइंडिंगपासून झाली. मग वंशावळी, जमिनीचे कागद, उपाध्यांच्या वह्या असं करत करत मोडीही शिकलो. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून फौजी पत्रांचं एखादं पुडकं वर्षा-दोन वर्षांनी येतंच. त्याचं नवल नाही. १९३९ साली हिंदी सैन्य जेमतेम दोन लाखांचं होतं, १९४५ पर्यंत ते पंचवीस लाखांवर गेलं. एवढी पोरं कुठल्या ना कुठल्या गावातूनच गेली ना. आणि पुडकं घेऊन येणारा प्रत्येक माणूस तुमच्यासारखंच म्हणतो: यात काहीच नाही हो.

आधी कागदाचं बघू, कारण तिथे चूक झाली की ती निस्तरता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या फोटोतलं जांभळट लिखाण कॉपिंग पेन्सिलीचं आहे. हिच्या शिशात जांभळा रंग मिसळलेला असायचा. कोरडी असली की करडी उमटते, ओल लागली की जांभळी होते आणि मग खोडता येत नाही. म्हणून पोस्टात, कचेरीत आणि पलटणीत तिचा वापर फार. आता तिची दुसरी बाजू: ऐंशी वर्षांनंतरही तिला पाणी लागलं की ती पुन्हा जागी होते. अगदी सुरुवातीच्या काळात मी अशाच एका कार्डाची घडी मोडायला किंचित दमट टीपकागद ठेवला होता. दहा मिनिटांनी उचलला तर तीन ओळींच्या जागी जांभळा ढग. त्या घरातल्या आजींना जाऊन सांगावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हा ओलं फडकं, वाफ, इस्त्री यातलं काहीही करायचं नाही. चिकटलेली दोन कार्डं सोडवायला जाऊ नका. तशीच घेऊन या.

लॅमिनेशनला नाही म्हणतो ते एवढ्यासाठी, की त्यात कागद गरम होतो, प्लास्टिकमध्ये कायमचा अडकतो आणि पुढे कागद आतून पिवळा पडून तुटायला लागला तरी कुणाला काही करता येत नाही. सेलोटेपही नको. तिचा चिकटा पाच-दहा वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत झिरपतो. घडीवर फाटलेलं आहे ते तसंच राहू द्या.

कागदाला बारीक, वेडीवाकडी भोकं किंवा कुरतडलेल्या कडा दिसल्या तर ती कसर, म्हणजे कागद खाणारी कीड. मऊ कोरड्या ब्रशानं, रंगकामाचा नवा ब्रश चालेल, पत्र सपाट ठेवून धूळ बाहेरच्या बाजूला झाडायची. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकू नका. प्रत्येक पत्र आम्लरहित कागदात ठेवायचं. तो मिळेपर्यंत धुऊन खळ काढलेलं जुनं सुती धोतर उत्तम. दप्तरखान्यात रुमाल बांधायचे ते काही उगाच नाही. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात भिंती चार महिने घाम गाळतात.

हे सगळं करण्याआधी एक काम, आणि हे बहुतेक जण विसरतात. पत्रं पेटीत ज्या क्रमानं होती त्याच क्रमानं त्यांना नंबर द्या. पत्रावर नाही, वेगळ्या चिठ्ठीवर, शिसपेन्सिलीनं. कुणीतरी ती तशी लावली असतील. नसतीलही. पण एकदा मोडलेला क्रम पुन्हा मिळत नाही.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. खिडकीजवळ पत्र आडवं ठेवून उजेड एका बाजूनं, जवळजवळ कागदाला लागून येईल असं बघा. पेन्सिलीचा रंग उडाला असला तरी दाबाच्या चऱ्या कागदात राहतात आणि तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते. निम्मी ‘पुसलेली’ पत्रं अशी वाचता येतात. पाठीमागची, पत्त्याची बाजूही काढायची. तुमच्या तिसऱ्या फोटोत शिक्का आहे तसा. तो अर्धाच उमटलाय, पण बेळगाव स्पष्ट लागतं.

आता वाचायचं.

‘काहीच नाही’ असं वाटतं कारण आपण मायना वाचतो आणि थकतो. ‘तीर्थरूप दादा यांचे सेवेशी, बालके शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, इकडील सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवावी. तीर्थरूप सौ. आईस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा.’ एवढ्यात कार्ड संपलं! त्या काळी कार्ड नऊ पैचं, म्हणजे पाऊण आण्याचं, आणि जागा तळहाताएवढी. पण हा मायना कुणाचा असतो? लिहिणाऱ्याचा. पलटणीत ज्याचं अक्षर चांगलं त्याच्यासमोर रविवारी रांग लागायची. पोरगा बोलायचा एक आणि लेखक लिहायचा ठरलेलं. तेव्हा पहिला प्रश्न मजकुराचा नाही. पहिला प्रश्न हा, की हात कुणाचा?

तुमचे चारच फोटो मी पाहिलेत, म्हणून जपून बोलतो. पण तेवढ्यातही एक गोष्ट सापडते, आणि ती पाहून माझा चहा गार झाला.

पहिला फोटो मोडी पत्राचा. झरझर लिहिलेलं, शिरोरेघ आधी ओढून खाली अक्षरं लोंबती ठेवलेली, हात सरावलेला. मायना कार्डाच्या दोन-तृतीयांश. चौथा फोटो बाळबोध. अक्षर मोठं, ओळ उजवीकडे चढत गेलेली, ‘ण’ जागोजागी ‘न’. त्यात मधे एक वाक्य आहे, तुम्ही बहुधा त्याच्यावरून पुढे गेलात: ‘तुमचे कार्ड मोडीत आहे ते वाचनारा रजेवर गेला, आला म्हंजे वाचून घेईन, इतः पर बाळबोदीत लिववा.’ ज्याला घरून आलेलं मोडी कार्ड वाचता येत नाही त्यानं पहिलं मोडी पत्र स्वतः लिहिलेलं नाही. म्हणजे तुमच्याकडची ती पाच-सहा मोडी पत्रं दुसऱ्याच्या हातची. आणि ती आधीची असतील, बाळबोध नंतरची, तर त्या पेटीत एक मुलगा स्वतः पत्र लिहायला लागतो आहे. शाळेत दोन-तीन यत्ता झालेल्या असतील, गिरवलेलं विसरलं असेल, आणि घरची आठवण आली तेव्हा ते पुन्हा हातात आलं असेल. हे खरं की खोटं ते उरलेल्या तीस पत्रांवरून ठरेल. पण तपासायचं ते हेच.

दुसऱ्या फोटोतली पेन्सिल मोठ्या भिंगाखाली बघा. ही पेन्सिल लोक जिभेला लावून लिहायचे. जिभेला लावली की पुढची तीन-चार अक्षरं गर्द जांभळी, मग फिकी होत होत करडी, की पुन्हा गर्द. म्हणजे माणूस कुठे थांबला ते कागदावर उमटलेलं असतं. तुमच्या कार्डावर साधारण दर पाच शब्दांनी थांबा आहे. सरावाचं वाक्य आलं की मात्र एका दमात आठ शब्द. ‘पांढऱ्या बैलाचा पाय’ एवढ्या तीन शब्दांत मात्र तो दोनदा थांबलाय. आता यावरून त्याच्या मनात काय होतं असं मी सांगत सुटणार नाही. पेन्सिलीला टोकही करत असेल. पण मायना छोटा झालाय, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बैल आलाय. मोडी पत्रात बैल नव्हता.

तेव्हा माझा सल्ला असा: ३४ पत्रं एकामागून एक, ओळीनं वाचा, आणि तो काय सांगतो यापेक्षा काय विचारतो, काय मागतो त्याची यादी करा. शिकाऊ शिपायाला सांगण्यासारखं फार नसतंच. सकाळी परेड, मग फटीग म्हणजे छावणीतली अंगमेहनतीची कामं, मग चांदमारी, रात्री हजेरी. शिवाय पत्रं तपासली जायची. पलटणीचा नंबर, कोण कुठे चाललंय हे लिहायची बंदी. विचारायला मात्र बंदी नव्हती. सिन्नर तालुक्यातल्या एका घरच्या पत्रांत पोरगा सहा महिने दर पत्रात ‘विहिरीस पाणी किती’ विचारतो. मग एका पत्रात विचारत नाही, आणि पुढे पुन्हा कधीच विचारत नाही. त्या मधल्या काळात जमीन गहाण पडली होती. घरच्यांनी कळवलं असणार. ते पत्र आपल्याकडे नाही, पण त्याचा खड्डा दिसतो.

पैशाचंही बघा. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिना अठरा रुपयांच्या घरात. त्यातून घरी मनीऑर्डर. पावती पोचली का, सावकाराचे किती फिटले, असल्या ओळी कंटाळवाण्या वाटतात. पण तो भरती का झाला याचं उत्तर त्याच ओळींत असतं. ‘देशसेवा’ हा शब्द मला या पत्रांत फारसा भेटलेला नाही. दुष्काळ, कर्ज आणि धाकट्या भावाचं लग्न भेटतं.

तारखा लावण्याचे काही ठोकताळे देतो. मिती-शके असेल, समजा ‘श्रावण शुद्ध ५ शके १८६५’, तर ७८ मिळवायचे: १९४३. माघ-फाल्गुन असेल तर ७९, कारण इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं. नुसता वार आणि तारीख असेल तर त्या दोन-तीन वर्षांची कॅलेंडरं समोर ठेवा. एखादंच वर्ष जुळतं. काहीच नसेल तर मजकुरात शोधा. ‘इथं घड्याळ एक तास पुढे केलं आहे’ असं असेल तर ते १ सप्टेंबर १९४२ नंतरचं; युद्धापायी देशभर घड्याळं तासभर पुढे ढकलली होती, ती १५ ऑक्टोबर १९४५ ला मागे आली. दोन रुपयांची नोट आली तर १९४३ किंवा पुढचं. आणि तुमच्या दुसऱ्या फोटोत खाली कडेला आहे ते वाक्य, ‘भोकाचा पैसा आला आहे, तिकडं आला का’, ते तर सोन्यासारखं. तांबं वाचवायला मधे भोक पाडलेला पैसा १९४३ पासून निघाला. त्याला ते नवं वाटतंय, म्हणजे पत्र त्याच सुमाराचं. बाकी त्या कार्डांवर छापलेला राजाचा शिक्का बघाल तेव्हा एक गंमत लक्षात असू द्या: टपालाची तिकिटं १९२६ पासून आपल्या नाशिकरोडच्याच छापखान्यात छापली जात होती. तुम्ही राहता तिथून हाकेच्या अंतरावर.

अडणारे शब्द फारसे नाहीत. शिकवणी रोमन उर्दूत चालायची, म्हणजे हिंदुस्थानी भाषा पण इंग्रजी लिपी, त्यामुळे पोरांच्या मराठीत ते शब्द घुसले. रंगरूट म्हणजे नवा भरती झालेला. उस्ताद म्हणजे शिकवणारा हवालदार. चांदमारी म्हणजे नेमबाजीचं मैदान. ‘कसम परेड’ हा शब्द सापडला तर तिथे खूण करा. शिक्षण संपून शपथ घेतल्याचा तो दिवस. त्यानंतरची पत्रं वेगळी वाचायची. प्रवासाचं वर्णन असेल तर ‘पुण्यास छोट्या गाडीत बसलो’ असं असेल, कारण पुण्याहून बेळगावकडे तेव्हा मीटर गेज होती. मोडी पत्रांना स्वतः हात घालू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच, शब्द तोडत नाहीत, आणि अंदाजानं वाचलं की गहाणाचं गहू होतं.

आता ते गेले कुठे.

प्रत्येक पत्राच्या शेवटी किंवा पाठीमागे नावाआधी एखादा आकडा आहे का बघा. तो त्यांचा फौजी नंबर. तो मिळाला तर अर्धं काम झालं. एका पलटणीत एकाच नावाचे चार-पाच शिपाई सहज असत. नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव एवढं घेऊन बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा, आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र जोडा म्हणजे उत्तर लवकर येतं. फार आशा धरून मात्र बसू नका. पेन्शन नसलेल्यांचे कागद पुष्कळदा ठरावीक वर्षांनी नष्ट केलेले असतात.

युद्धात गेले असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) यादीत नाव असेल. ती संगणकावर फुकट बघता येते. शोधताना मराठाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा, मधे ‘एच’ येतो तो. नाशिकचंही जुनं, ‘एच’शिवायचं. आडनाव चार प्रकारे लिहून बघा, नुसतं पहिलं नाव आणि वडिलांचं नाव टाकूनही बघा. हिंदू शिपायांचं दहन होत असल्यानं थडगं सापडत नाही, नाव स्मारकावर असतं. १९४३ साली बेळगावहून निघालेला मुलगा दोन दिशांना गेलेला असू शकतो. एक इटली: तिथेच मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिकडची नावं सांग्रो नदीकाठच्या किंवा फोर्लीच्या स्मारकावर बघायची. दुसरी ब्रह्मदेशची सरहद्द: चौथी मराठा मार्च १९४४ मध्ये सांगशाकला जपान्यांशी लढली, ती नावं इंफाळ आणि रंगूनकडे. आणि छावणीतच आजारानं किंवा अपघातानं गेले असतील तर दिल्ली-कराची स्मारकाच्या यादीत. युद्धाच्या आघाडीवर नसताना गेलेल्या पंचवीस हजारांवर शिपायांची नावं तिथे आहेत. शेवटच्या काही पत्रांत गावाचं नाव गळून नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आला असेल तर तो मला कळवा. त्यावरून दिशा कळते.

राहिलं ‘पळाले’. घरातली गोष्ट आहे, मी बाहेरचा. तरी सुचतं ते सांगतो. त्या काळी शेकडो पोरं घरी न सांगता नाशिकला किंवा देवळालीला जाऊन भरती झाली. गावात त्याला म्हणायचे, ‘पोरगा पलटणीत पळाला’. ‘पलटणीत पळाला’ आणि ‘पलटणीतून पळाला’ यात किती अक्षरांचं अंतर आहे? आणि हे वाक्य तीन पिढ्यांच्या तोंडून आलंय. अगदी पहिलं पत्र काढा. त्यात ‘न विचारता आलो याची क्षमा असावी’ अशा अर्थाचं काही असेल तर घरातली गोष्ट एका प्रत्ययानं घसरली असं समजायला जागा आहे. नसेल तर नसेल. मग तेही नोंदवून ठेवा.

एवढं सगळं एका बैठकीत करू नका. रोज दोन पत्रं पुरेत. घरात कुणी सत्तरीपुढचं असेल तर त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचा आणि शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवा. पांढरा बैल कुणाचा, कार्डातली ‘वेणू’ कोण, हे मला किंवा कुठल्याही कार्यालयाला कधीच सांगता येणार नाही.

चिकटलेली दोन कार्डं पाऊस उघडल्यावर, कोरड्या दिवशी घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दोन पुठ्ठ्यांमध्ये सुती कापडात. ती पत्र्याची पेटी भंगारात गेली नसेल तर तीही आणा. तळाला कागद अंथरलेला असतो, आणि लोक तो बघत नाहीत.